गळ्यातला चौकोन

परदेशात मुलाच्या घरी येऊन बावीस दिवस झाले, त्या दिवशी सकाळी आवकरावांच्या बायकोने चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "त्याला सांगा, येत्या रविवारचं तिकीट मिळतंय का बघ म्हणावं. मी चालले."

आवकरावांनी आपलाही कप खाली ठेवला. परतीचं तिकीट तीन महिन्यांनंतरचं होतं. शिवाय पाच वर्षांची नात पहिले पंधरा दिवस त्यांच्याकडे दाराच्या फटीतून बघत होती. आता कुठे ती शाळेतून आली की दप्तर टाकून थेट त्यांच्या मांडीवर येऊन बसायला लागली होती. हे सुख सोडून रविवारी विमानात बसायचं?

"अगं, पण झालं काय?"

"सेफ्टी पिन."

झालं होतं ते असं. दोन दिवसांपूर्वी नाडी ओवायला तिला एक सेफ्टी पिन हवी होती. तिने मुलाला सांगितलं. मुलाने मान वर न करता फोनवर दोनदा बोट टेकवलं आणि अर्ध्या तासात दारात एक माणूस डबा घेऊन हजर. डब्यात पाचशे पिना. दुसरी कुणी असती तर मुलाचं कौतुक करत बसली असती. हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चाळीस वर्षं घर चालवलं मी," ती म्हणाली. "आणि आता एका पिनेसाठी मुलाच्या तोंडाकडे बघायचं? आज पिन, उद्या तेल, परवा साबण. त्याचं काही चुकत नाही हो, गुणाचाच आहे. पण मला मागता येत नाही. मागायची वेळ आली की माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

आवकरावांना असल्या गोष्टींत पडायची सवय नव्हती. चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर बसून त्यांनी काढली होती. येणाऱ्या टपालावर शिक्का, जाणाऱ्या टपालावर शिक्का, आणि मधल्या काळात कुणाच्या अध्यात ना मध्यात. कचेरीने ठेवलेलं आवकराव हे नाव इतकं पक्कं बसलं, की खरं नाव विचारलं तर शेजाऱ्यांनाही डोकं खाजवावं लागे.

अडचण सगळी पैशांची होती. म्हणजे पैसे नव्हते असं नाही. येताना बँकेतून बदलून आणलेल्या इथल्या नोटांचं जाडजूड पाकीट आवकरावांच्या बॅगेत होतं. तिसऱ्याच दिवशी त्यातली एक नोट घेऊन ते खालच्या पाववाल्याकडे गेले होते. गल्ल्यावरच्या मुलीने ती उजेडात धरून पाहिली. तिने मालकाला बोलावलं. मालकाने आतून आपल्या म्हाताऱ्या आईला बोलावलं. तिघांनी मिळून ती नोट मोठ्या मायेने निरखली, जुना फोटो सापडावा तशी, आणि मग अदबीने दोन्ही हातांनी परत केली. सुटे कुणाकडेच नव्हते. त्या गावाने नोटा वापरायचं केव्हाच सोडलं होतं. बसचं तिकीट, भाजी, चपलेचा टाका, सगळं फोनवर. तिकडे घरीही जग त्याच वाटेने चाललं होतं, पण आवकराव आपले खिशात सुटी नाणी वाजवत मागे राहिले होते.

"रविवारपर्यंत थांब," ते म्हणाले, आणि आपणच हे म्हणालो याचं त्यांना नवल वाटलं. "बुधवारी मी तुला बाजारात नेतो. आपण दोघंच. तुला हवं ते तू निवडून घे. कुणाला विचारायचं नाही."

"आणि पैसे?"

"फोनने देऊ."

बायकोने त्यांच्याकडे नखशिखांत पाहिलं. फोन उलटा धरून पाच मिनिटं बोललेला आणि वर 'समोरचा फार हळू बोलतो' अशी तक्रार केलेला हा माणूस. पण ती एवढंच म्हणाली, "बघू. नाही जमलं तर मात्र रविवार."

त्याच संध्याकाळी मुलाने त्यांना पुढ्यात बसवलं. परदेशी पाहुण्यांसाठी पैसे द्यायची वेगळी सोय होती. पासपोर्ट दाखवायचा, चेहरा दाखवायचा, की खातं तयार.

"पासपोर्टचा फोटो झाला. आता चेहरा. बाबा, मान डावीकडे. आता उजवीकडे. डोळ्यांची उघडझाप करा. तोंड उघडा."

"घास भरवतोय का तो त्यांना?" बायको आतून म्हणाली.

फोनने नकार दिला. मुलगा वाचून म्हणाला, "म्हणतोय, हा माणूस तो नव्हे."

"त्याचं काय चुकलं? पासपोर्टात तुझ्या बाबांना केस आहेत."

चौथ्या खेपेला, चष्मा काढून, खिडकीकडे तोंड करून बसल्यावर फोनला एकदाची ओळख पटली. मग त्यांच्या तिकडच्या घरच्या नंबरावर खात्रीचा एक संदेश आला. तो नंबर जुन्या फोनमध्ये, जुना फोन मोठ्या बॅगेत, बॅग पलंगाखाली. तीही मोहीम पार पडली आणि खातं उघडलं.

"आता मी यात थोडे पैसे टाकतो," मुलगा म्हणाला. "तुमचा चौकोन दाखवा."

पडद्यावर मुंग्यांनी गर्दी केल्यासारखा एक काळापांढरा चौकोन उमटला होता. मुलाने आपला फोन त्यावर धरला. टिंग!

"आले बघा. दुकानातही चौकोन दाखवायचा, बस्स. दुसरं काही नाही." तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला आणि तो बोलत बोलत गॅलरीत गेला.

आता, फोनमध्ये असे दोन चौकोन असतात. एक पैसे आत घेणारा, एक बाहेर देणारा. देणारा चौकोन दर मिनिटाला बदलतो, चोरी होऊ नये म्हणून. मुलाला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की हे कुणाला सांगायचं असतं, हेच त्याला सुचलं नाही. आणि आवकरावांना विचारायचं सुचलं नाही, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं: चौकोन दाखवला, टिंग वाजलं, काम झालं.

राहता राहिला फोन. भर बाजारात फोन हातात धरणं त्यांना पटेना. कुणी हिसकावला तर? ऐनवेळी झोपी गेला तर? कचेरीत त्यांचा एक नियम होता, जे कागदावर नाही ते नाहीच. तेव्हा त्यांनी त्या चौकोनाचं चित्र सुनेकडून छापून घेतलं. सुनेने लगेच छापून दिलं, कारण सासऱ्यांना नाही म्हणायचं तर कारण सांगत बसावं लागतं आणि तिला बस गाठायची होती. निवृत्तांच्या एका मेळाव्यात मिळालेलं बिल्ल्याचं प्लास्टिकचं पाकीट त्यांनी बरोबर आणलं होतं. चौकोन त्यात बरोब्बर बसला. निळी फीत गळ्यात अडकवून ते आरशासमोर उभे राहिले. आपण अगदीच टाकाऊ नाही, असं त्यांना फार दिवसांनी वाटलं.

बुधवारी दोघं बाजारात पोचली. दोन गल्ल्या सोडून एका चौकात तो भरायचा. बायकोने भाजीचा पहिला ढीग पाहिला मात्र, तिचे खांदे सैल झाले. तिने वांगी उलटीपालटी करून देठाशी दाबून पाहिली, टोमॅटो हुंगले, कोथिंबिरीची जुडी झटकली. इथे आल्यापासून तिच्या तोंडावर असं तेज आवकरावांनी पाहिलं नव्हतं. भाजीवालीने सगळं तोललं आणि एक छोटं यंत्र हातात घेऊन त्यांच्याकडे पाहिलं.

आवकरावांनी छाती पुढे केली.

यंत्र चिरकलं. लाल दिवा लागला. भाजीवालीने यंत्र पुसून पुन्हा धरलं. पुन्हा लाल. मागे चार-पाच माणसं थांबली होती. आवकराव थोडे वाकले, मग थोडे वळले, मग टाचा उंचावून उभे राहिले. चौकोनावर काही परिणाम नाही. शेवटी भाजीवाली आपल्या फोनमध्ये काहीतरी बोलली आणि तो फोन खणखणीत मराठीत म्हणाला, "आदरणीय ग्राहक, आपला चौकोन कार्य करत नाही. कृपया मागील व्यक्तींना मार्ग द्यावा."

"काय शुद्ध बोलतो हो मेला!" बायको म्हणाली. पण हातातली कोथिंबीर तिने परत ढिगावर ठेवली, आणि ठेवताना ती सरळ करून ठेवली, ते आवकरावांना बघवलं नाही.

बाजाराच्या कडेला एक बाक होता. दोघं जाऊन बसली. बायकोने पिशवीतून क्रोशाची सुई आणि लोकर काढली. राग आला की ती विणायला बसे, म्हणजे इथे आल्यापासून बरंच विणून झालं होतं. तयार फुलं तिने आकार नीट बसावा म्हणून बाकावर ओळीने मांडली: लाल, पिवळी, जांभळी.

"रविवार," ती सुईकडे बघत म्हणाली. बाकी काही नाही.

आवकरावांनी मान डोलावली. या गावात ते सगळ्यालाच मान डोलावत. भाषा येत नसली की तेवढंच हातात उरतं. म्हणून मग एप्रन बांधलेली एक जाडजूड बाई समोर येऊन उभी राहिली, फुलांकडे बोट करून काहीतरी म्हणाली, तेव्हाही त्यांनी मान डोलावली. बाई खूष झाली. तिने आपला फोन काढून त्यांच्या छातीवरच्या चौकोनासमोर धरला, अंगठ्याने काहीतरी टिपलं, आणि त्यांच्या आतल्या खिशात आवाज झाला: टिंग!

बाई एक लाल फूल उचलून चालती झाली.

दोघं बघतच राहिली.

"अहो, ती माझं फूल घेऊन गेली!"

"फुलाचं काय घेऊन बसलीस?" आवकरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "खिशात वाजलं ते ऐकलंस का? पैसे गेले! पैसेही नेले आणि फूलही नेलं!"

"मग तुम्ही मान कशाला हलवलीत?"

"मी सगळ्यांनाच हलवतो."

हे चाललंय तोवर एप्रन बांधलेला एक बुवा लगबगीने आला. त्या बाईने त्याला फूल दाखवलं असावं. त्याने जांभळ्या फुलाकडे बोट केलं. आवकरावांनी दोन्ही हात छातीवर आडवे धरून चौकोन झाकला. पण बुवाला वाटलं, म्हातारा नमस्कार करतोय. त्यानेही वाकून नमस्कार केला, हलकेच त्यांचा हात बाजूला केला, फोन धरला. टिंग! आणि फूल घेऊन तोही गेला.

आवकरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी फीत ओरबाडून काढली, चौकोन पिशवीच्या तळाशी कोंबला आणि मुलाला फोन लावला. "अरे, लुटलं आम्हाला! बाकावर बसवून, दिवसाढवळ्या, हसत हसत लुटलं!"

मुलाने सगळं ऐकून घेतलं. "बाबा, शांत व्हा. फोन उघडा. आकड्याच्या आधी चिन्ह कुठलं आहे? अधिक की वजा?"

"अधिक."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे अधिक."

पलीकडून असा काही हसण्याचा आवाज आला की आवकरावांनी फोन कानापासून लांब धरला. हसता हसताच मुलाने दोन चौकोनांची गोष्ट सांगितली. बायको कान लावून ऐकत होती.

"चौतीस वर्षं त्या टेबलावर बसलात," ती म्हणाली, "आणि आवक कुठली, जावक कुठली कळलं नाही?"

जमिनीने पोटात घ्यावं असं आवकरावांना झालं होतं. पण पलीकडचं हसू अचानक थांबलं. "एक मिनिट. आई तिथे फुलं मांडून बसली होती का? आणि लोकांनी पैसे दिले? बाबा, पाहुण्यांच्या व्हिसावर विक्री चालत नाही! कुणी विचारलं तर पंचाईत होईल. आधी ते पैसे परत करा बघू."

"विक्री?" बायकोने फोन ओढून घेतला. "मी विकलं? मला पैसे दिले त्यांनी? माझ्या फुलाचे?"

"हो आई, पण..."

"तिकडे फुकट दिलं तरी लोक टीव्हीवर टाकून विसरतात." तिचा आवाज बदलला होता. "बरं, परत करू. उगाच कुणाचं कशाला ठेवायचं? पण परत करायचं म्हणजे द्यायचं ना? ते कसं देतात ते सांग. तुझ्या बाबांना नको, मला सांग. फुलं माझी, पैसे माझे, मीच देणार."

आवकरावांनी फोन मुकाट्याने तिच्या हातात राहू दिला. मग मुलगा सांगत गेला, आवकराव चष्मा सारून चित्रं ओळखत गेले, आणि बायको बोट टेकवत गेली. खाली हिरवं बटण. ते दाबलं की आपला देणारा चौकोन. शेजारचं बटण दाबलं की समोरच्याचा चौकोन टिपायचा, आकडा घालायचा, आणि पुन्हा हिरवं. "सोपं तर आहे," ती म्हणाली. आवकरावांनी यावर मान डोलावली नाही.

ती बाई सापडायला वेळ लागला नाही. बाजाराच्या तोंडाशी तिचा अंड्यांचा गाळा होता आणि लाल फूल एप्रनवर दिमाखात टोचलेलं होतं. समोर दोरीला तिच्या चौकोनाची पाटी लटकत होती. बायकोने फोन त्यावर धरला. तिने जपून आकडा घातला, हिरव्यावर बोट टेकवलं, आणि गाळ्यातल्या पेटीने आनंदाने काहीतरी पुकारलं.

"गेले?" आवकरावांनी विचारलं.

"गेले!" बायको म्हणाली. पोरीला शाळेत पहिलं बक्षीस मिळावं तशी म्हणाली.

अंडीवालीने पैसे आलेले पाहिले आणि झटपट दहा अंडी पुठ्ठ्यात भरून पुढे सरकवली.

"नको, नको! अंडी नकोत. फुलाचे परत केले!" बायकोने पुठ्ठा मागे सरकवला. अंडीवालीने पुढे सरकवला. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. अंड्यांची काळजी वाटून आवकराव मध्ये पडणार, तेवढ्यात अंडीवालीनेही आपला फोन तोंडाशी धरला आणि तो फोन गंभीरपणे म्हणाला, "पैसे आले. म्हणून अंडी जाणार. फूल माझे आहे. वाद समाप्त."

बायकोने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग खळखळून हसली. "घ्या हो पुठ्ठा," ती नवऱ्याला म्हणाली. "बाईमाणूस कामाचं आहे. फूल मी तिला दिलं असं समजा."

जांभळं फूल नेणारा बुवा बटाटेवाला निघाला. तिथेही तेच झालं. फरक इतकाच की आवकरावांच्या खांद्यावर बटाट्यांची पिशवी आली. आणि मग बायको न विचारता, न थांबता, सरळ मघाच्या भाजीवालीसमोर जाऊन उभी राहिली. तीच वांगी, तेच टोमॅटो. भाजीवालीने यंत्र उचललं, पण डोळ्यांत शंका होती. बायकोने हिरवं बटण दाबून चौकोन पुढे धरला. हिरवा दिवा. इथे सगळं संपायला हरकत नव्हती, पण बायकोने भाजीवालीचा फोन स्वतःकडे वळवून घेतला आणि त्यात बोलली, "एवढी भाजी घेतली, कोथिंबिरीची एक जुडी वर घाल की गं!"

फोनने ते कसं सांगितलं कुणास ठाऊक. भाजीवालीने एक जुडी उचलली आणि आपल्या डोक्यावरच्या फळीवर नीट ठेवली. बायकोने कपाळावर हात मारला. जुडी, पिशवी, स्वतःची छाती, असं तिने तीनदा बोटाने दाखवलं. भाजीवालीला उमगलं. ती आधी रागावली, मग हसली, आणि जुडी पिशवीत आली. त्या बाजारात घासाघीस हा प्रकार नसावा. शेजारचे तिघे-चौघे काम टाकून बघत होते.

त्या संध्याकाळी मुलगा घरी आला तो अपराधी चेहऱ्याने. "आई, रविवारचं तिकीट आहे एक. महाग आहे, पण तू म्हणत असशील तर..."

"रविवारी?" बायको कोथिंबीर निवडत होती. "अंडीवाली तिच्या त्या बोलक्या फोनमधून म्हणाली, रविवारी बाजार दुप्पट असतो. लवकर ये म्हणाली. तू आपलं तुझं ऑफिस बघ." मग थोडं थांबून, वर न बघता, "आणि तुला काही आणायचं असेल तर सांग मला. संकोच करू नकोस."

आवकरावांचा जीव भांड्यात पडला. नात मांडीवर होती. तिला त्यांनी उगाचच दोनदा थोपटलं.

गुरुवारी सकाळी त्यांनी आरशात पाहिलं. मानेवरचे केस कॉलरला लागले होते. कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान होतं. ते बायकोपाशी जाऊन घुटमळले.

"अगं, जरा केस कापून येतो म्हणतो. फोन देतेस का?"

"फोन कशाला? मी येते बरोबर. मी देते."

"तू कशाला? मी जातो की."

"आणि तिथेही मान डोलावलीत तर? गुळगुळीत करून पाठवील तो."

यात तथ्य होतं. आवकराव न्हाव्याच्या खुर्चीत बसले, गळ्याभोवती पांढरं फडकं बांधून. मागच्या बाकावर बायको फोन मांडीवर घेऊन बसली होती. आरशातून ती न्हाव्याला बोटांनी सांगत होती, बाजूला जरा बारीक, वर आहेत तेवढे राहू द्या. न्हाव्याने आवकरावांकडे प्रश्नार्थक पाहिलं. आवकरावांनी मान अगदी स्थिर ठेवली आणि डोळ्यांनीच मागे खूण केली, तिला विचारा.